स्वतंत्र मॉक सर्व्हर (करार चाचणी)

स्वतंत्र मॉक सर्व्हर म्हणजे एखाद्या खऱ्या संगणकीय सेवेप्रमाणे विनंत्या स्वीकारून ठरलेली उत्तरे देणारा, परंतु त्या सेवेचे प्रत्यक्ष काम न करणारा सर्व्हर होय. सॉफ्टवेअर चाचणीच्या क्षेत्रात त्याचा उपयोग मुख्यत्वे एपीआयच्या करार चाचणीसाठी केला जातो. एका प्रणालीने दुसरीकडे विनंती कशी करावी आणि उत्तर कोणत्या रूपात मिळेल, हे ठरवणाऱ्या संपर्कबिंदूस एपीआय म्हणतात. दोन प्रणालींमधील या अपेक्षांचा लेखी मसुदा म्हणजे करार. मॉक सर्व्हर त्या कराराची एक बाजू तात्पुरती सांभाळतो. त्यामुळे खरी सेवा तयार नसली, बंद असली किंवा वापरण्यास महाग असली तरी दुसऱ्या बाजूचे काम अडत नाही. मात्र मॉक सर्व्हर खऱ्या सेवेशी जुळतो की नाही याची पडताळणी झाली नाही, तर त्याच्या आधारे यशस्वी ठरलेल्या चाचण्या दिशाभूल करणाऱ्या ठरतात.

संज्ञा

करार चाचणीत दोन पक्ष असतात. विनंती पाठवणाऱ्या प्रणालीस सेवाग्राही आणि उत्तर देणाऱ्या प्रणालीस सेवादाता म्हणतात. एकच प्रणाली एका करारात सेवाग्राही आणि दुसऱ्या करारात सेवादाता असू शकते.

चाचणीपुरत्या उभ्या केलेल्या घटकांना जेरार्ड मेझारोस यांनी २००७ च्या ‘एक्सयुनिट टेस्ट पॅटर्न्स’ या ग्रंथात ‘टेस्ट डबल’ ही सामाईक संज्ञा वापरली. त्यांच्या वर्गीकरणानुसार केवळ ठरलेले उत्तर देणारा घटक ‘स्टब’ असतो, तर आपल्याकडे अपेक्षित विनंती आली की नाही हेही तपासणारा घटक ‘मॉक’ असतो. व्यवहारात ‘मॉक सर्व्हर’ हा शब्द दोन्ही अर्थांनी वापरला जातो.

‘स्वतंत्र’ हे विशेषण तो चालवण्याच्या पद्धतीवरून आले आहे. चाचणीच्या आज्ञावलीतच अंतर्भूत असलेला मॉक त्या चाचणीबरोबर सुरू होतो आणि तिच्याबरोबर संपतो. स्वतंत्र मॉक सर्व्हर ही वेगळी प्रक्रिया असते. तिला स्वतःचा पोर्ट असतो आणि कोणत्याही भाषेत लिहिलेली प्रणाली तिच्याशी नेहमीच्या एचटीटीपी विनंतीद्वारे बोलू शकते. त्यामुळे मोबाइल ॲप, संकेतस्थळ आणि मागील बाजूची सेवा बनवणारे तीन वेगळे गट एकच मॉक सर्व्हर वापरू शकतात.

इतिहास

आज्ञावलीच्या भागांमधील संबंधाकडे करार म्हणून पाहण्याची कल्पना बर्ट्रांड मेयर यांनी १९८० च्या दशकात आयफेल या प्रोग्रॅमिंग भाषेच्या संदर्भात मांडली. वेब सेवांच्या काळात, २००६ मध्ये, इयान रॉबिन्सन यांनी सेवाग्राहीप्रणीत कराराची पद्धत विशद केली. सेवादात्याने काय द्यावे हे त्याच्या सेवाग्राहींना प्रत्यक्षात काय लागते यावरून ठरावे, असा तिचा आशय होता.

टॉम एकहर्स्ट यांनी २०११ मध्ये वायरमॉक हे साधन सुरू केले. ऑस्ट्रेलियातील स्थावर मालमत्तेच्या एका संकेतस्थळाच्या अभियंत्यांनी २०१३ मध्ये पॅक्ट विकसित केले. एपीआयचे वर्णन लिहिण्याची स्वॅगर ही पद्धत २०१५ मध्ये लिनक्स फाउंडेशनच्या छत्राखाली आली आणि तिला ओपनएपीआय हे नाव मिळाले. असे वर्णन यंत्राला वाचता येत असल्याने त्यावरून थेट मॉक सर्व्हर चालवणारी प्रिझम आणि स्पेकमॅटिक यांसारखी साधने उपलब्ध झाली.

कार्यपद्धती

मॉक सर्व्हरकडे नियमांचा एक संच असतो. प्रत्येक नियमाचे दोन भाग असतात. पहिला भाग विनंती ओळखतो. त्यात मार्ग, पद्धत, शीर्षके आणि मजकुरातील विशिष्ट क्षेत्रे यांचा समावेश होतो. दुसरा भाग उत्तर ठरवतो. त्यात स्थितिसंकेत, उत्तराचा मजकूर आणि आवश्यक असल्यास विलंब यांचा समावेश होतो. वायरमॉकच्या स्वतंत्र आवृत्तीत हे नियम जेसन स्वरूपातील फाइलींमध्ये ठेवतात. सर्व्हर सुरू होताना त्या वाचल्या जातात आणि वेगळे काही न सांगितल्यास तो ८०८० क्रमांकाच्या पोर्टवर चालतो.

चांगल्या मॉक सर्व्हरकडून पुढील गोष्टी अपेक्षित असतात :

१. करारात न बसणारी विनंती नाकारणे. कोणत्याही विनंतीस यशाचे उत्तर देणारा सर्व्हर सेवाग्राहीतील चुका झाकतो.
२. आलेल्या विनंत्यांची नोंद ठेवणे, म्हणजे सेवाग्राहीने नेमके काय पाठवले हे नंतर पाहता येते.
३. बिघाडाचे अनुकरण करणे. उशिरा येणारे उत्तर, मध्येच तुटलेली जोडणी आणि अर्धवट मजकूर हे त्याचे प्रकार होत.
४. क्रम सांभाळणे. एकाच प्रश्नास पहिल्यांदा ‘प्रलंबित’ आणि दुसऱ्यांदा ‘पूर्ण’ असे उत्तर देता आले पाहिजे.
५. प्रत्येक चाचणीपूर्वी मूळ स्थितीत परत येणे, अन्यथा एका चाचणीचे अवशेष दुसरीत मिसळतात.

उदाहरण : यूपीआय देयक

मॉक सर्व्हरची गरज आणि त्याची अवघड बाजू या दोन्ही गोष्टी यूपीआयच्या रचनेवरून स्पष्ट होतात. मुंबईस्थित भारतीय राष्ट्रीय देयक महामंडळाने (एनपीसीआय) विकसित केलेल्या या प्रणालीचा प्रारंभ ११ एप्रिल २०१६ रोजी मुंबईत, रिझर्व्ह बँकेचे तत्कालीन गव्हर्नर रघुराम राजन यांच्या हस्ते, २१ बँकांच्या सहभागाने झाला.

परभणी जिल्ह्यातील पोखर्णी हे गाव नृसिंह मंदिरासाठी प्रसिद्ध आहे. तेथील प्रसादाच्या दुकानात एखाद्या भाविकाने क्यूआर संकेत वाचून ४० रुपये दिले, असे समजू. या एका देयकात भाविकाचे ॲप चालवणारी संस्था, त्याची बँक, दुकानदाराची देयक संस्था आणि दुकानदाराची बँक असे चार पक्ष असू शकतात. त्यांच्यामधील सर्व संदेश एनपीसीआयच्या मध्यवर्ती प्रणालीतून जातात. संदेश एक्सएमएल स्वरूपात असतात आणि त्यांवर डिजिटल स्वाक्षरी असते.

ही देवाणघेवाण असमकालिक असते. देयकाची विनंती मिळताच समोरची प्रणाली प्रथम केवळ पोच देते. निकाल नंतर वेगळ्या संदेशाने येतो. पोच मिळणे म्हणजे पैसे पोहोचणे नव्हे. त्यामुळे एका विनंतीस एक उत्तर देणारा साधा मॉक सर्व्हर येथे अपुरा पडतो. त्याने आधी पोच द्यावी लागते आणि काही वेळाने स्वतः होऊन निकालाचा संदेश पाठवावा लागतो.

भाविकाचे ॲप बनवणाऱ्या गटाला अशा मॉक सर्व्हरद्वारे किमान चार प्रसंग तपासावे लागतात. पहिल्या प्रसंगात देयक यशस्वी होते. दुसऱ्यात खात्यात पुरेशी रक्कम नसल्याने ते कारणासह नाकारले जाते. तिसऱ्यात पोच मिळते, पण निकालाचा संदेश येतच नाही. चौथ्यात तोच निकाल दोनदा येतो. यांतील तिसरा प्रसंग सर्वांत महत्त्वाचा आहे. निकाल न आल्यास ॲपने देयक ‘अयशस्वी’ दाखवले, तर भाविक पुन्हा ४० रुपये देईल आणि दोन्ही रकमा वजा होण्याची शक्यता राहील. ‘यशस्वी’ दाखवले, तर दुकानदाराला न मिळालेल्या पैशांबद्दल माल द्यावा लागेल. योग्य वर्तन म्हणजे देयक प्रलंबित दाखवणे आणि त्याच व्यवहार क्रमांकाने स्थिती विचारणारी विनंती पाठवणे. खऱ्या प्रणालीत हा प्रसंग हवा तेव्हा घडवून आणता येत नाही. मॉक सर्व्हरमध्ये तो एका नियमाने घडवता येतो.

या स्थितीला नियामक महत्त्वही आहे. रिझर्व्ह बँकेच्या २० सप्टेंबर २०१९ च्या परिपत्रकानुसार, खात्यातून रक्कम वजा होऊनही व्यापाऱ्याकडे व्यवहाराची निश्चिती न पोहोचल्यास ती रक्कम व्यवहाराच्या दिवसानंतर ५ दिवसांच्या आत आपोआप परत व्हावी लागते. त्यापुढील विलंबासाठी ग्राहकास दररोज १०० रुपये भरपाई द्यावी लागते. दोन व्यक्तींमधील हस्तांतरणात लाभार्थीच्या खात्यात रक्कम जमा न झाल्यास ही मुदत १ दिवसाची आहे.

दुसऱ्या बाजूची पडताळणी

मॉक सर्व्हरवरील चाचणी कराराची एकच बाजू तपासते. सेवाग्राही मॉकशी नीट बोलतो एवढेच तिच्यातून सिद्ध होते. खरा सेवादाता तसाच वागतो, हे त्यातून सिद्ध होत नाही.

समजा, एखाद्या देयक संस्थेची अंतर्गत हिशोबसेवा रक्कम रुपयांत ‘४०.००’ अशी देत होती. पुढे त्या सेवेच्या गटाने ती पैशांत ‘४०००’ अशी द्यायला सुरुवात केली. मॉक सर्व्हरची फाइल मात्र कोणी बदलली नाही. ॲपच्या सर्व चाचण्या यशस्वी होत राहतील आणि नवी आवृत्ती प्रसिद्ध झाल्यावर ४० रुपयांच्या नोंदीऐवजी पडद्यावर ४,००० रुपये दिसतील. या दोषास करारातील विचलन म्हणतात. हाताने लिहिलेल्या मॉक सर्व्हरमध्ये ते दीर्घकाळ लक्षात येत नाही.

ते टाळण्याच्या दोन पद्धती रूढ आहेत. पॅक्टच्या पद्धतीत सेवाग्राहीची चाचणी मॉक सर्व्हरवर चालते आणि तिच्यातूनच कराराची फाइल तयार होते. ती फाइल सेवादात्याकडे जाते आणि तिच्यातील प्रत्येक विनंती खऱ्या सेवेवर चालवून उत्तर ताडून पाहिले जाते. दुसऱ्या पद्धतीत ओपनएपीआयमधील वर्णन हाच एकमेव करार मानला जातो. त्यावरून एकीकडे मॉक सर्व्हर चालतो आणि दुसरीकडे सेवादात्याच्या चाचण्या तयार होतात. दोन्ही पद्धतींत मॉक आणि खरी सेवा एकाच मसुद्याला बांधलेले असतात. वरील उदाहरणात हिशोबसेवेने रकमेचे रूप बदलताच तिची स्वतःची चाचणी अयशस्वी झाली असती आणि बदल प्रसिद्ध होण्यापूर्वीच दोन्ही गटांना चर्चा करावी लागली असती.

सुरक्षितता

काही मॉक सर्व्हर खऱ्या सेवेकडे जाणाऱ्या विनंत्या मध्ये थांबवून त्यांची उत्तरे नोंदवून घेतात आणि त्यांवरून नियम तयार करतात. ही सोय वेळ वाचवते. परंतु तिच्यामुळे खाते क्रमांक, मोबाइल क्रमांक किंवा प्रवेशचिन्हे चाचणीच्या फाइलींत शिरू शकतात. अशा नोंदी कल्पित माहितीने बदलून मगच जतन केल्या जातात. भारतातील व्यक्तींच्या डिजिटल माहितीच्या संरक्षणासाठी २०२३ मध्ये स्वतंत्र कायदा संमत झाला आहे. मॉक सर्व्हरचे नियम बाहेरून बदलता येत असल्याने तो सार्वजनिक जाळ्यावर उघडा ठेवणेही धोक्याचे असते.

मर्यादा

मॉक सर्व्हर गणना करत नाही आणि शिल्लक सांभाळत नाही. त्यामुळे त्यावरून खऱ्या सेवेची गती, भारक्षमता किंवा तिच्यातील हिशोबाची अचूकता ठरवता येत नाही. करार चाचणी संदेशाचे रूप आणि ठरलेले वर्तन तपासते, संपूर्ण व्यवहाराची शुद्धता तपासत नाही. म्हणून सर्व खऱ्या घटकांना एकत्र जोडून घेतलेल्या मोजक्या चाचण्या तिच्या जोडीला आवश्यक असतात. करारात न लिहिलेला प्रसंग मॉक सर्व्हरमध्येही येत नाही. पोच आल्यानंतर निकाल न आल्यास काय करावे, हे करारात लिहिलेले नसेल, तर तो प्रसंग प्रथम प्रत्यक्ष ग्राहकाच्या वाट्याला येतो.