३६४.४ स्मूट आणि एक कान

एम.एस. करायला बॉस्टनला येणाऱ्या आपल्या मुलांचं पहिलं सेमिस्टर साधारण एकाच साच्यातलं असतं. खोली, डिपार्टमेंट, लॅब आणि इंडियन ग्रोसरीचं दुकान. या चौकोनाबाहेर पाऊल पडत नाही. डिग्री मिळते, पण शहर राहून जातं. खिशात पैसे नसतात ही सबब खरीच आहे, एका डॉलरला रुपयांनी गुणायची सवय लवकर सुटत नाही. पण पळायला तिकीट लागत नाही! बरा बूट असला की झालं.

नवीन गावात पळायचा रस्ता कसा शोधायचा? माझं साधं सूत्र आहे : आधी पाणी शोधा. नदी, तळं, कालवा, काहीही. पाण्याच्या कडेचा रस्ता सहसा सपाट असतो, सिग्नल कमी लागतात आणि चुकायची भीती नसते. बॉस्टनमध्ये हे पाणी म्हणजे चार्ल्स नदी. एका काठाला बॉस्टन, दुसऱ्या काठाला एम.आय.टी. आणि हार्वर्डचं केंब्रिज. दोन्ही काठांनी वॉटरटाऊनपर्यंत जो रस्ता जातो त्याला डॉ. पॉल डडली व्हाइट यांचं नाव आहे. हे हृदयरोगतज्ज्ञ, १९५५ साली अध्यक्ष आयझेनहॉवरना हार्ट अ‍ॅटॅक आला तेव्हा त्यांच्यावर उपचार करणारे. लोकांनी चालावं, सायकल चालवावी म्हणून ते आयुष्यभर मागे लागले. रस्त्याला नाव देताना कुणीतरी डोकं लावलेलं दिसतं.

या नदीची खरी गंमत तिच्या पुलांत आहे. एका पुलावरून जायचं, दुसऱ्यावरून परत यायचं, की झाला लूप. आज दम नाही? जवळचा पूल घ्या. उद्या जोर आला? त्याच्या पुढचा. मॅसॅच्युसेट्स अ‍ॅव्हेन्यूचा पूल आणि लाँगफेलो पूल यांच्यामधला फेरा चार-पाच किलोमीटरचा, नवशिक्यांसाठी अगदी बेतशीर. लाँगफेलोचे दगडी मनोरे टेबलावरच्या मीठ-मिरपुडीच्या भांड्यांसारखे दिसतात, आणि शेजारून रेड लाइनची गाडी धडधडत जाते. लोकलच्या आठवणीने मुंबईकरांना तिथे भरून येतं म्हणतात.

मॅस अ‍ॅव्हेन्यूच्या पुलाचं अधिकृत नाव हार्वर्ड ब्रिज, पण तो उतरतो एम.आय.टी.च्या दारात. हा पूल इंजिनीअर मंडळींनी चुकवू नये. १९५८ साली एम.आय.टी.च्या काही पोरांनी ऑलिव्हर स्मूट नावाच्या पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्याला पुलावर आडवं पाडून, खुणा करत करत पूल मोजला. उंची ५ फूट ७ इंच, म्हणजे १.७० मीटर. उत्तर आलं ३६४.४ स्मूट आणि एक कान. (एरर मार्जिन द्यायला विसरले नाहीत!) दर दहा स्मूटला असलेल्या त्या खुणा आजही नव्याने रंगवल्या जातात. पुढे हेच स्मूटसाहेब आय.एस.ओ. या जागतिक मानक संस्थेचे अध्यक्ष झाले. आपल्याकडच्या रॅगिंगमधून असं काही निघाल्याचं ऐकिवात नाही.

आपल्या कामाचा भाग असा की हा आयता मोजलेला ट्रॅक आहे. ३६४.४ स्मूट म्हणजे सुमारे ६२० मीटर. किलोमीटरला सहा मिनिटं या वेगाने पूल पावणेचार मिनिटांत संपायला हवा. शंभर स्मूट जोरात, शंभर हळू, असे इंटरव्हल करा, जी.पी.एस.चं घड्याळ नसलं तरी चालतं.

रविवारी मात्र हार्वर्डकडे वळा. एप्रिलच्या अखेरीपासून नोव्हेंबरच्या मध्यापर्यंत मेमोरियल ड्राइव्हचा एक तुकडा मोटारींना बंद असतो. ऑक्टोबरात ‘हेड ऑफ द चार्ल्स’ ही वल्हवण्याची शर्यत असते. सी.ओ.ई.पी.चा रेगाटा पाहिलेल्यांचे पाय तिथे आपोआप थबकतील.

आता थंडी. डिसेंबरात सव्वाचारच्या सुमारास सूर्य मावळतो. लॅबमधून सहाला निघून पळू म्हणाल तर काळोख आणि पायाखाली बर्फ. घरची आठवण, असाइनमेंटचा ढीग आणि हा अंधार, तिन्ही एकदम अंगावर येतात. बरीच मुलं याच दिवसांत कोशात जातात. म्हणून दुपारी दोन लेक्चरच्या मधली पाऊण तासाची फट पळण्यासाठी राखून ठेवा. ऊन अंगावर घेणं हे तिथे औषधच आहे. कॉटनचा टी-शर्ट आतून घालू नका. तो घाम धरून ठेवतो, आणि ओलं कापड अंगातली ऊब भराभर ओढून घेतं. आतून सिंथेटिक, वरून वारा अडवणारं जाकीट, कानटोपी, हातमोजे. जाताना वारा तोंडावर घ्या, येताना पाठीवर. उलटं केलंत तर घामेजलेल्या अंगावर वारा झेलत परतावं लागेल, आणि पुलावर तो विशेष बोचतो.

तिथली वाहतूक उजवीकडून चालते, त्यामुळे रस्ता ओलांडताना आधी डावीकडे बघायचं. आपली मान सवयीने उजवीकडे वळते, ते जपा. मागून सायकलवाला ‘ऑन युवर लेफ्ट’ ओरडला तर दचकून डावीकडे सरकू नका, तो डावीकडूनच येतोय! खिशात ओळखपत्र आणि इन्शुरन्सचं कार्ड ठेवा, रूममेटला रस्ता सांगून निघा.

नदीचा कंटाळा आला तर ग्रीन लाइनची ‘बी’ गाडी धरून शेवटच्या बॉस्टन कॉलेज स्टेशनला उतरा. जवळच चेस्टनट हिल जलाशयाभोवती अडीच किलोमीटरचा फेरा आहे. आणि तिथून न्यूटनच्या बाजूला उतरलं की बॉस्टन मॅरेथॉनचा प्रसिद्ध हार्टब्रेक हिल. चढ जेमतेम २७ मीटरचा. पर्वती चढणाऱ्याला हसू येईल, पण स्पर्धकांच्या वाट्याला तो बत्तीस किलोमीटर पळून झाल्यावर येतो. तुम्ही ताज्या पायांनी चढून बघा.