‘पुसणें’ : एक रूप, दोन कुळें

ज्ञानेश्वरीच्या अखेरीस ज्ञानदेव सांगतात कीं, आपण व्यासांच्या पावलांचा मागोवा घेत आणि भाष्यकारांना वाट पुसत इथवर आलों. आजच्या एखाद्या शाळकरी मुलापुढें हें ठेवा. पाटी पुसावी तशी ज्ञानदेवांनीं जुनी वाट पुसून टाकली, असा अर्थ तो बेधडक करील. शिष्यानें दिलेल्या कबुलीचें बंड व्हावयास एवढें एक क्रियापद पुरे आहे!

शके १२१२, म्हणजे इ. स. १२९० मध्यें, नगर, म्हणजे आजच्या अहिल्यानगर, जिल्ह्यांतील नेवासें येथें हा ग्रंथ पुरा झाला, तेव्हां ‘पुसणें’ म्हणजे विचारणें हा रोजचा व्यवहार होता. संस्कृत ‘प्रच्छ्’ हा त्याचा मूळ धातु. ‘प्रश्न’ हा शब्दही त्याचाच. ‘पृच्छति’चें प्राकृतांत ‘पुच्छइ’ झालें आणि मराठीनें आपल्या रीतीप्रमाणें ‘च्छ’चा ‘स’ केला. ‘मत्स्य’चा ‘मच्छ’ होऊन मासा झाला, ‘इक्षु’चा ‘उच्छु’ होऊन नगरकरांच्या नित्य परिचयाचा ऊस झाला, तसेंच हें.

विचारणें आणि माग काढणें यांचें नातें दूरदेशींही दिसतें. डॅनिश भाषेंत विचारण्याला ‘स्पोर्गे’ म्हणतात. ‘स्पोर’ म्हणजे पाऊलखूण, आणि त्या क्रियापदाचा जुना अर्थ मागोवा घेणें असाच होता.

दुसरें ‘पुसणें’ निराळ्या घरचें आहे. संस्कृत ‘प्रोञ्छ्’, प्राकृत ‘पुंछ’, आणि मग तोच ‘स’. हिंदीनें ‘पूछना’ व ‘पोंछना’ हीं रूपें वेगळीं राखलीं. मराठींत दोन्ही एकाच सांच्यांत पडलीं. माझ्या मतें, घोटाळा टाळण्यासाठींच बोलणारांनीं पहिल्या अर्थीं ‘विचारणें’ जवळ केलें असावें. डोळे, पाटी, फरशी मात्र अजून पुसलींच जातात.

पहिलें ‘पुसणें’ अगदींच नाहींसें झालें, असें मात्र नव्हे. आजाऱ्याची आपण ‘विचारपूस’ करतों, त्यांतली ‘पूस’ तीच. फारशींतलें ‘पुर्सीदन’, म्हणजे विचारणें, हेंही मुळांत त्याच प्राचीन धातूचें. पक्षकार न्यायालयांत लेखी निवेदन देतो, त्याला आपल्याकडचे वकील ‘पुरसीस’ म्हणतात. तो शब्द फारशींतून आला खरा. पण नात्यानें तो ‘विचारपूस’मधल्या ‘पूस’चा दूरचा भाऊबंदच आहे.