रब्बीच्या जमिनीची मशागत आणि मातीची धूप

आषाढीस पंढरपुरास जाणाऱ्या यात्रेकरूंस चंद्रभागेचें पाणी बहुधा गढूळच दिसतें. पावसाळ्याचें तें एक स्वाभाविक लक्षण समजून कोणी त्याचा फारसा विचार करीत नाहीं. पण तो रंग नदीचा नसतो, वरच्या शेतांचा असतो. एका एकरावरून केवळ एक मिलिमीटर जाडीचा थर निघून गेला, तर सुमारें ४ घनमीटर, म्हणजे वजनानें ५ टनांच्या आसपास माती जाते. इतका पातळ थर गेल्याचें शेताच्या धन्याच्याही ध्यानांत येत नाहीं, आणि सर्वांत सकस थर तोच! खालीं मुरूम उघडा पडला कीं त्यावर पुन्हां माती तयार होण्यास शेंकडों वर्षें लागतात.

सोलापूर जिल्ह्यांत हा प्रश्न विशेष बिकट आहे. तेथें वर्षाचा पाऊस सरासरीनें ७०० मिलिमीटरांच्या आसपास, आणि त्यांतला मोठा वाटा सप्टेंबरांत पडतो. मुख्य पीक रब्बीची ज्वारी; तिची पेरणी उत्तरा-हस्त नक्षत्रांत व्हावयाची. म्हणजे पाऊस पडत असतां जमीन उघडी, आणि पीक उभें राहतें तेव्हां पाऊस जवळजवळ सरलेला. पावसाळ्यांत जितकें पाणी मातींत मुरेल तितक्यावरच हिंवाळ्यांतल्या ज्वारीनें जगावयाचें. तेव्हां माती राखणें आणि ओल राखणें हीं येथें दोन कामें नव्हेत, एकच काम आहे.

धूप होते ती वाहत्या पाण्यानें, अशी पूर्वीं सामान्य समजूत होती. १९४४ च्या सुमारास एलिसन या अमेरिकन संशोधकानें दाखवून दिलें कीं, पहिला घाव पावसाच्या थेंबाचा असतो. मोठा थेंब सेकंदास ८-९ मीटर वेगानें उघड्या मातीवर आदळतो, तिचे रवे फोडतो, आणि सुटलेले सूक्ष्म कण भेगांत व छिद्रांत बसून जमिनीच्या तोंडावर खपली धरते. मग पाणी मुरावयाचें कसें? तें उताराला लागतें. वाहत्या पाण्याचा वेग दुप्पट झाला कीं त्याचा जोर चौपट होतो. लहान ओहळाची घळ होण्यास फार काळ लागत नाहीं.

या दृष्टीनें पाहतां, जमीन पिठासारखी बारीक व आरशासारखी स्वच्छ करण्याचा जो अभिमान पुष्कळ कुळंबी घरांत बाळगला जातो, तो पावसाळ्याच्या तोंडीं घातकच म्हटला पाहिजे. ढेकळांनीं भरलेलें ओबडधोबड शेत दिसावयास चांगलें नसतें, पण थेंबाचा मार तेंच सोसतें. आजचा रोटाव्हेटर तर एका फेऱ्यांत मातीचें पीठ करून ठेवतो. काम झपाट्यानें होतें, खपलीही तितक्याच झपाट्यानें धरते. कुळवाची गोष्ट वेगळी. त्याची फास खपली फोडते, तण कापते आणि माती रवाळ ठेवते. मात्र वाफसा पाहूनच पाळी घातली पाहिजे. पेरणीच्या वेळीं वरचा थर मोकळा आणि त्याखालचा ओलसर व किंचित् बसलेला असावा. म्हणजे पाभरीतून पडलेलें बीं ओलीला टेकतें.

याची शास्त्रीय तपासणी १९३० नंतरच्या दशकांत सोलापूर येथील कोरडवाहू संशोधन केंद्रांत झाली. ना. वि. कानिटकर यांच्या देखरेखीखालीं उतारावरच्या लहान तुकड्यांतून वाहून जाणारें पाणी व माती तेथें मोजली गेली. त्यांतून रूढ झालेल्या पद्धतींत नांगरट तीन वर्षांतून एकदां, कुळवाच्या पाळ्या वारंवार, बीं कमी आणि दोन ओळींत १८ इंचांचें अंतर, अशी शिफारस होती. शेतास बांध घालणें हा तर तिचा पायाच होता.

पण बांध हा शेवटला पहारेकरी. चोर घरांत शिरूं न देणें हें काम मशागतीचें. उताराला आडवा कुळव आणि आडवी पाभर चालविली कीं प्रत्येक काकरी एक इवलासा बांध होते. उताराच्या दिशेनें चालविली तर तीच पाण्याची पन्हळ बनते. जुलै-ऑगस्टांत सारायंत्रानें बंदिस्त वाफे पाडून ठेवले, तर पडलेलें पाणी जागच्या जागीं थांबतें. जेथें खरिपाचें पीक घेतात व पाणी साचण्याचें भय असतें, तेथें रुंद वरंबा व सरी अधिक सोयीची. पट्टनचेरू येथील इक्रिसॅट संस्थेनें काळ्या जमिनीसाठीं ती सुधारून घेतली. जास्त पाणी सरींतून सावकाश निघतें, गाद्यावरचें पीक कोरडें राहतें.

इतकें सोपें असतां सर्वत्र कां होत नाहीं? अडचण अज्ञानाची थोडी, वांटणीची अधिक. वडिलोपार्जित शेताच्या वांटण्या करतांना वरचें हलकें व खालचें भारी रान प्रत्येकास मिळावें म्हणून पुष्कळदां उभे, उतारासरशी पट्टे पाडले जातात. अशा अरुंद पट्ट्यांत आडवा औत फिरवावयाचा तर दर चार पावलांवर बैल वळवावे लागतात, ट्रॅक्टरचें तर विचारूंच नये. आणि धसकटें, काडीकचरा रानांत पसरून जमीन झांकावी असें सांगणाऱ्यानें कडब्याचा भाव विचारून घ्यावा. दावणीला बांधलेल्या जनावरांच्या तोंडचा घांस मातीला देणें गरीब शेतकऱ्यास परवडत नाहीं. १९४२ च्या मुंबई जमीन सुधारणा कायद्यानें बांधबंदिस्तीचें काम एकेका शेतापुरतें न राहतां सबंध क्षेत्राची योजना आंखून करतां येऊं लागलें. आडवी पेरणी मात्र अजून ज्याच्या त्याच्या धुऱ्याशींच अडते. शेजारच्या दोघांनीं मिळून पाभर एकाच रेषेंत चालविली, तरच ती रेषा उताराला खरी आडवी पडते.