शून्य-शून्य-दोन

क्रिकेटचा धावफलक तुम्हांला वाचता येतो. कबड्डीत एक गडी बाद झाला की एक गुण मिळतो, हेही तुम्ही जाणता. पण पिकलबॉल नावाच्या खेळात जोडीचा सामना सुरू होताना पहिला खेळाडू मोठ्याने म्हणतो, "शून्य-शून्य-दोन!" अजून चेंडूला बॅट लागलेली नाही, मग हा 'दोन' आला कुठून? खेळणारे संघ दोन, मग आकडे तीन कशासाठी? या पाठात आपण हेच समजून घेऊ.

पिकलबॉल हा टेनिस, बॅडमिंटन आणि टेबल टेनिस या तिघांच्या मेळातून झालेला खेळ आहे. १९६५ साली अमेरिकेतील बेनब्रिज नावाच्या बेटावर तो प्रथम खेळला गेला. मुंबईच्या सुनील वालावलकर यांनी कॅनडात हा खेळ पाहिला आणि तो आपल्याकडे आणला. २००८ साली अखिल भारतीय पिकलबॉल संघटना स्थापन झाली. या खेळाचा चेंडू प्लास्टिकचा, हलका आणि भोके असलेला असतो. बॅट छोट्या फळीसारखी असते. मैदान ४४ फूट लांब आणि २० फूट रुंद, म्हणजे बॅडमिंटनच्या दुहेरीच्या मैदानाएवढेच. आपल्या कंधारच्या काळ्या मातीत मात्र हा चेंडू नीट उसळत नाही. पावसाळ्यात चिखल आणि उन्हाळ्यात भेगा! त्याला सिमेंटची किंवा फरशीची जागा हवी. तेवढी जागा असली, तर खडूने रेषा आखून आणि मध्ये जाळी बांधून काम भागते.

आता गुणांकडे वळू. सर्वांत महत्त्वाचा नियम असा की, ज्या संघाकडे सर्व्हिस आहे त्यालाच गुण मिळू शकतो. समोरच्या संघाने कितीही सुंदर फटका मारून चेंडू जिंकला, तरी त्याला गुण मिळत नाही. त्याला सर्व्हिसच्या हक्काकडे एक पाऊल पुढे जाता येते, एवढेच. म्हणून या खेळात सर्व्हिस ही मोठी दौलत आहे.

जोडीच्या खेळात ही दौलत दोघांच्या वाट्याला येते. आधी एक जोडीदार सर्व्हिस करतो. तो चेंडू हरला की दुसरा करतो. दुसराही हरला की सर्व्हिस समोरच्या संघाकडे जाते. तिसरा आकडा आपल्याला हेच सांगतो की, आता पहिला जोडीदार सर्व्हिस करत आहे की दुसरा. पहिला आकडा सर्व्हिस करणाऱ्या संघाचे गुण सांगतो आणि दुसरा आकडा समोरच्या संघाचे.

मग आरंभीच 'दोन' का? विचार करा. सामना सुरू होताच एका संघाला सर्व्हिसच्या दोन्ही संधी मिळाल्या, तर दुसरा संघ हात चोळत बसेल आणि पहिला संघ पुढे निघून जाईल. म्हणून सुरुवात करणाऱ्या संघाला पहिल्या खेपेस एकच संधी देतात. त्याची पहिली संधी जणू आधीच खर्च झाली, असे धरतात आणि 'दोन' म्हणूनच आरंभ करतात. ही युक्ती नवी नाही. बॅडमिंटनच्या दुहेरीतही पूर्वी सुरुवात करणाऱ्या जोडीला पहिल्या डावात एकच सर्व्हिस मिळे. आणि बॅडमिंटनचे आरंभीचे नियम तर १८७३ च्या सुमारास आपल्या पुण्यात इंग्रज अधिकाऱ्यांनी तयार केले होते! त्या काळी त्या खेळाला 'पूना' असेच म्हणत.

एक सामना डोळ्यांपुढे आणा. तुम्ही उजव्या बाजूला उभे आहात आणि तुमचा सोबती डाव्या बाजूला. तुम्ही "शून्य-शून्य-दोन" म्हणून समोरच्या तिरप्या चौकोनात चेंडू टाकला आणि तो चेंडू जिंकला. एक गुण मिळाला. आता तुम्ही दोघे जागा बदलाल आणि तुम्हीच डावीकडून सर्व्हिस कराल, "एक-शून्य-दोन". समोरचे मात्र जागा बदलत नाहीत. या वेळी तुम्ही हरलात. तुमच्याकडे दुसरी संधी नाही, म्हणून सर्व्हिस पलीकडे गेली. तिकडे उजव्या बाजूला उभा असलेला खेळाडू म्हणेल, "शून्य-एक-एक". पाहा, गुण तेच आहेत, पण आकडे उलटले. कारण बोलणारा नेहमी स्वतःचे गुण आधी सांगतो. त्याने लागोपाठ दोन गुण घेतले, "दोन-एक-एक" म्हटले आणि मग तो चेंडू गमावला. आता त्याचा जोडीदार जिथे उभा असेल तिथूनच म्हणेल, "दोन-एक-दोन". तोही हरला की सर्व्हिस तुमच्याकडे परत येईल आणि आकडे होतील "एक-दोन-एक".

पण हे कोण म्हणणार? तुम्ही नव्हे! तुमच्या संघाचा एक गुण झाल्यामुळे तुम्ही डावीकडे गेलेले आहात. सर्व्हिस परत आली की ती उजवीकडच्या खेळाडूपासून सुरू होते, म्हणून या खेपेस तुमचा सोबती 'एक' क्रमांकाचा ठरला. हा क्रमांक कोणाच्या नावावर कायमचा नसतो. नव्या खेळाडूंचा गोंधळ होतो तो इथेच.

गोंधळ झालाच, तर एक सोपी कसोटी आहे. ज्याने संघातर्फे सुरुवातीला उजवी बाजू धरली होती, तो संघाचे गुण सम असताना उजवीकडे असला पाहिजे आणि विषम असताना डावीकडे. तुम्ही ० वर उजवीकडे होता, तर ४ वर किंवा ८ वरही उजवीकडेच असाल. ७ गुण झाले म्हणता आणि तरीही उजवीकडे उभे आहात, तर जागा चुकली आहे किंवा हिशेब! एकेरीत तिसरा आकडा नसतो. गुण सम असले की उजवीकडून आणि विषम असले की डावीकडून सर्व्हिस करायची.

मोंढ्यात धान्य मोजताना मापाडी कसा मोजतो, ते तुमच्यापैकी काहींनी ऐकले असेल. तो पहिल्या मापाला 'एक' न म्हणता 'लाभ' म्हणतो आणि पुढे "दोन, तीन, चार" असे मोठ्याने मोजत जातो. विकणारा आणि घेणारा दोघेही ऐकतात, म्हणून मागाहून तंटा होत नाही. पिकलबॉलमध्ये पंच नसला, तर सर्व्हिस करणाराच असा मापाडी असतो. सर्व्हिस करण्यापूर्वी आकडे मोठ्याने म्हणण्याचा नियमच आहे. त्याने चुकीचा आकडा म्हटला, तर तो चेंडू परतवण्यापूर्वीच खेळ थांबवून चूक सांगावी लागते. चेंडू परतवल्यानंतर जो थांबतो, त्याचाच दोष धरला जातो. गुण आपल्या फायद्याचा चुकला असेल, तेव्हा तोंड उघडणे जड जाते, हे मी मुलांना शिकवताना पाहिले आहे.

याहून अवघड काम रेषेचे. तुमच्या बाजूला पडलेला चेंडू आत होता की बाहेर, हे पंच नसताना तुम्हीच ठरवायचे. रेषेला शिवलेला चेंडू आतच धरतात. फक्त सर्व्हिसचा चेंडू जाळीजवळच्या सात फुटांच्या पट्ट्याच्या रेषेवर पडला तर तो बाद. आणि तुम्हांला खात्रीने दिसले नसेल, तर निकाल समोरच्याच्या बाजूने द्यायचा, असे नियमच सांगतो.

तुम्ही उर्दू उजवीकडून डावीकडे लिहिता. म्हणून फळ्यावर ३-५-१ असे लिहिले, तर आधी कोणता आकडा वाचायचा, असा प्रश्न तुम्हांला पडेल. इथे आधी डावीकडचा वाचा. त्यापेक्षा ते तोंडाने म्हणणेच बरे. 'छे' ऐवजी 'सहा', 'दस' ऐवजी 'दहा', 'ग्यारह' ऐवजी 'अकरा' असे म्हणत खेळलात, तर आकड्यांचा सरावही होईल.

काही स्पर्धांत अलीकडे दुसरी पद्धत वापरतात. तीत सर्व्हिस कोणाचीही असो, चेंडू जिंकणाऱ्याला गुण मिळतो. बॅडमिंटनने २००६ साली २१ गुणांची अशीच पद्धत स्वीकारली. तिने सामना लवकर संपतो आणि मोजणेही सोपे जाते. पण शाळेच्या मैदानावर मला जुनीच पद्धत आवडते. जुन्या पद्धतीत ११ गुण आधी करणारा संघ जिंकतो, पण दोन गुणांची आघाडी हवी. समजा, समोरच्यांचे १० झाले आणि तुमचे ४ च आहेत. तुमच्या हाती सर्व्हिस आहे, तोवर त्यांना अकरावा गुण मिळूच शकत नाही. ५, ६, ७ करत तुम्ही १० वर येऊ शकता. आणि १०-१० झाले, की अकराव्या गुणाने सामना संपत नाही. मग १२-१०, किंवा १३-११, किंवा त्याहूनही पुढे. कोणी दोन गुणांनी पुढे जाईपर्यंत खेळ चालूच राहतो.