प्रवाळांसाठी निळा दिवा

माशांच्या टाकीवर दिवा कशासाठी लावतात? तुम्ही म्हणाल, मासे नीट दिसावेत म्हणून. बरोबर आहे. चार दिवस दिवा लावायचा राहिला, तरी माशांचे फारसे काही बिघडत नाही. पण टाकीत जिवंत प्रवाळ असतील तर? मग तो दिवा म्हणजे त्यांच्या अन्नाची सोय असते. तो फार दिवस बंद राहिला, तर प्रवाळ उपाशी पडतील.

अनेक देशांत हौशी लोक घरी खाऱ्या पाण्याच्या टाकीत प्रवाळ वाढवतात आणि त्यांच्यापैकी कित्येक जण टाकीवरचा दिवाही घरीच तयार करतात. त्यासाठी ते एलईडी, म्हणजे प्रकाश देणारे डायोड वापरतात. असा दिवा कसा बनतो आणि त्यामागे कोणते विज्ञान आहे, ते आपण पाहू. तुम्हालाही तो बनवता येईल. मात्र आपण तो प्रवाळांवर न लावता एका साध्या पाणवनस्पतीवर लावणार आहोत. त्याचे कारण पुढे येईलच.

प्राणी, पण उजेडावर जगणारा

प्रवाळ हा प्राणी आहे. त्याला तोंड असते, तोंडाभोवती शुंडके असतात आणि तो बारीक जलचर पकडून खातो. परंतु उष्ण कटिबंधातील बहुतेक प्रवाळांच्या शरीरात एकपेशीय शैवाले राहतात. त्यांना झूझॅन्थेली म्हणतात. ही शैवाले प्रकाशसंश्लेषण करून साखर तयार करतात आणि तिच्यातील मोठा वाटा प्रवाळाला देतात. त्या बदल्यात त्यांना प्रवाळाकडून आसरा, कार्बन डायऑक्साइड आणि नत्रयुक्त पदार्थ मिळतात. या सहजीवनातून काही प्रवाळांची ९० टक्क्यांपर्यंत ऊर्जेची गरज भागते. म्हणून प्रवाळभिंती उथळ, स्वच्छ आणि उजेडाच्या पाण्यातच वाढतात.

आता प्रश्न असा, की या शैवालांना कोणत्या रंगाचा उजेड हवा? उत्तर समुद्राच्या पाण्यातच आहे. शुद्ध पाण्याचा १० मीटर जाडीचा थर ओलांडल्यावर ६५० नॅनोमीटर तरंगलांबीचा तांबडा प्रकाश सुमारे ३ टक्केच उरतो. ४५० नॅनोमीटरचा निळा प्रकाश मात्र सुमारे ९० टक्के पलीकडे पोहोचतो. म्हणजे समुद्र ही एक निळी गाळणीच आहे. या शैवालांमध्ये हरितद्रव्य अ, हरितद्रव्य क आणि पेरिडिनिन ही रंगद्रव्ये असतात. ती मुख्यतः निळा व निळा-हिरवा प्रकाश उत्तम शोषतात. जो प्रकाश खोलवर मिळतो, तोच पकडण्याची सोय त्यांच्याजवळ आहे.

घरातली टाकी जेमतेम ३० सेंटिमीटर खोल असते. एवढ्याशा पाण्यात प्रकाश गाळला जात नाही. तेव्हा समुद्रातला निळा उजेड दिव्यानेच पुरवायला हवा.

निळ्या डायोडची वाट

पूर्वी अशा टाक्यांवर १५० ते ४०० वॅटचे मेटल हॅलाइड दिवे लावत. ते प्रखर असत. पण पाणी इतके तापवत, की ते थंड करण्यासाठी वेगळे यंत्र बसवावे लागे. एलईडीने ही अडचण पुष्कळच कमी केली. परंतु त्यासाठी निळ्या एलईडीची वाट पाहावी लागली.

डायोडमध्ये इलेक्ट्रॉन वरच्या ऊर्जापातळीवरून खाली येतो, तेव्हा त्या दोन पातळ्यांतील फरकाएवढी ऊर्जा फोटॉनच्या रूपाने बाहेर पडते. १२४० या संख्येला नॅनोमीटरमधील तरंगलांबीने भागा. फोटॉनची ऊर्जा इलेक्ट्रॉन-व्होल्टमध्ये मिळेल. तांबड्या प्रकाशासाठी (६५० नॅनोमीटर) ती सुमारे १.९ येते आणि निळ्यासाठी (४५० नॅनोमीटर) सुमारे २.८. निक होलोनियाक यांनी १९६२ साली तांबडा एलईडी बनवला. निळ्यासाठी ऊर्जेचा फरक अधिक असलेला अर्धवाहक हवा होता. गॅलियम नायट्राइड हा तो पदार्थ. पण त्याचे निर्दोष स्फटिक वाढवणे फार अवघड होते. जपानमधील इसामू आकासाकी, हिरोशी आमानो आणि शूजी नाकामुरा यांनी ते साधले. १९९३ साली नाकामुरा यांचा प्रखर निळा एलईडी जगापुढे आला आणि २०१४ साली तिघांना पदार्थविज्ञानाचे नोबेल पारितोषिक मिळाले. आपल्या घरातला पांढरा एलईडीसुद्धा मुळात निळाच असतो. त्याच्यावर पिवळा प्रकाश देणाऱ्या फॉस्फरचा लेप असतो, इतकेच.

दिव्याचे गणित

समजा, टाकी ६० सेंटिमीटर लांब, ३० सेंटिमीटर रुंद आणि ३० सेंटिमीटर उंच आहे. तिच्यासाठी ९ निळे (सुमारे ४५० नॅनोमीटरचे) आणि ३ पांढरे असे १२ एलईडी घेऊ. बाजारात ते ‘तीन वॅटचे’ म्हणून मिळतात. आपण प्रत्येकातून ०.३५ अँपियरच प्रवाह सोडू. तेव्हा त्याच्या दोन टोकांतील विभवांतर सुमारे ३.२ व्होल्ट असते. म्हणजे प्रत्येकी सुमारे १.१ वॅट. पूर्ण ताकदीने न चालवल्यामुळे ते कमी तापतात आणि अधिक टिकतात.

१२ व्होल्ट, २ अँपियरचा तयार अ‍ॅडॉप्टर घ्या. तीन एलईडी एकसरीत जोडले, की विभवांतर होते ३ × ३.२ = ९.६ व्होल्ट. उरलेले २.४ व्होल्ट एका रोधकावर पडू द्यायचे. ओहमच्या नियमाने रोध = २.४ ÷ ०.३५ = ६.८६ ओहम. दुकानात ६.८ ओहमचा रोधक मिळतो. त्यात ०.८ वॅटच्या आसपास उष्णता निर्माण होते, म्हणून तो २ वॅटचा घ्यावा.

तुम्ही विचाराल, रोधक हवाच कशाला? कारण डायोड ओहमचा नियम पाळत नाही. त्याचे विभवांतर ०.२ व्होल्टने वाढवले, तर प्रवाह जवळजवळ दुप्पट होऊ शकतो. शिवाय एलईडी तापला की त्याला कमी विभवांतर पुरते. मग प्रवाह वाढतो, तो आणखी तापतो आणि शेवटी जळतो. रोधक या वाढीला आवर घालतो. समजा, तापल्यामुळे प्रत्येकाचे विभवांतर ०.१ व्होल्टने उतरले. आता रोधकावर २.७ व्होल्ट येतील आणि प्रवाह २.७ ÷ ६.८ = ०.४ अँपियर होईल. एवढी वाढ एलईडी सहज सोसतो. मोठ्या दिव्यांत रोधकाऐवजी प्रवाह स्थिर राखणारे ‘ड्रायव्हर’ नावाचे मंडल वापरतात.

अशा चार सरी करा: तीन निळ्या, एक पांढरी. प्रत्येक सरीला स्वतंत्र रोधक आणि स्वतंत्र बटण द्या. चारही सरी समांतर जोडल्या, की एकूण प्रवाह १.४ अँपियर होतो आणि शक्ती १६.८ वॅट. त्यांपैकी १३.४ वॅट एलईडींना मिळतात व ३.४ वॅट रोधकांत जातात. बेरीज ताडून पाहा.

जोडणी आणि काळजी

एलईडींना मिळालेल्या शक्तीपैकी सुमारे निम्मी उष्णतेत जाते. ती वाहून नेण्यासाठी ६० सेंटिमीटर लांबीचे अ‍ॅल्युमिनिअमचे चॅनेल घ्या. धातूच्या चकतीवर बसवलेले एलईडी घेऊन ते चॅनेलवर समान अंतरावर स्क्रूने आवळा आणि मध्ये उष्णता वाहून नेणारी पेस्ट लावा. सोल्डर करताना धन व ऋण टोके तपासा. चॅनेल आणि तारा यांचा कोठे संपर्क होत नाही ना, हे मल्टीमीटरने पाहूनच दिवा लावा.

हे काम शिक्षकांच्या किंवा घरातील मोठ्यांच्या देखरेखीखालीच करा. अ‍ॅडॉप्टर उघडू नका. त्याच्या आत २३० व्होल्टचा पुरवठा असतो. तो पाण्यापासून दूर, टाकीपेक्षा उंचावर ठेवा. तारेला बटणपेटीखाली झोळ द्या, म्हणजे तारेवरून ओघळलेले थेंब पेटीत न शिरता खाली गळतील. आणि पेटलेल्या निळ्या एलईडीकडे जवळून रोखून कधीही पाहू नका. डोळ्यांच्या पडद्याला इजा होऊ शकते.

उजेड पुरेसा आहे का?

येथे लक्समापक उपयोगी नाही. लक्स हे एकक माणसाच्या डोळ्याच्या संवेदनेवर बेतलेले आहे आणि आपल्या डोळ्याला ४५० नॅनोमीटरचा प्रकाश फार मंद वाटतो. शैवालाच्या दृष्टीने फोटॉन मोजावे लागतात. सोयीसाठी सर्व प्रकाश निळाच धरू. १३.४ वॅटपैकी ६.७ वॅट प्रकाशरूपाने बाहेर पडतात असे मानू. निळ्या प्रकाशाचा १ वॅट म्हणजे दर सेकंदाला सुमारे ३.८ मायक्रोमोल फोटॉन; एकूण सुमारे २५. टाकीच्या तळाचे क्षेत्रफळ ०.१८ चौरस मीटर. म्हणून दर चौरस मीटरला दर सेकंदाला सुमारे १४० मायक्रोमोल. त्यांपैकी निम्मे काचेबाहेर व पाण्यात गेले, तरी ७० उरतात. भर दुपारच्या उन्हात हा आकडा २००० च्या घरात असतो. तरीही मऊ प्रवाळांच्या काही जाती एवढ्या उजेडावर जगतात. दगडी प्रवाळांना अधिक हवा.

मग सरळ दसपट दिवे का लावू नयेत? कारण अति उजेड प्रवाळांना घातक ठरतो, विशेषतः पाणी गरम असताना. शैवालांची प्रकाशसंश्लेषणाची यंत्रणा कोलमडते, ऑक्सिजनचे घातक, क्रियाशील प्रकार तयार होतात आणि प्रवाळ आपल्या शैवालांना बाहेर टाकतो. तो पांढराफटक पडतो आणि स्थिती सुधारली नाही, तर मरतो. समुद्रात हेच मोठ्या प्रमाणावर घडते आहे. १९९८, २०१० आणि २०१६ साली लक्षद्वीपच्या प्रवाळभिंती अशा पांढऱ्या पडल्या होत्या. म्हणून टाकी सांभाळणारे लोक नवा दिवा प्रथम मंद ठेवतात आणि काही आठवड्यांत हळूहळू वाढवतात.

करून पाहा

आता आधी राखून ठेवलेले कारण. आपल्या देशात दगडी प्रवाळांना वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत २००१ साली स्थान मिळाले. वाघाला जे संरक्षण आहे, तेच त्यांनाही आहे. ते समुद्रातून काढणे किंवा विकणे हा गुन्हा आहे. मालवणजवळच्या समुद्रातही प्रवाळ आहेत आणि तेथे १९८७ पासून सागरी अभयारण्य आहे. तेथे गेलात तर प्रवाळ पाहा, पण त्यांना हात लावू नका.

आपला दिवा आपण हायड्रिलावर तपासू. काचेच्या बरणीत गोडे पाणी घेऊन त्यात चिमूटभर खाण्याचा सोडा टाका. हायड्रिलाची ताजी फांदी कापलेले टोक वर करून त्यात बुडवा. फक्त एक निळी सर लावून दिवा १५ सेंटिमीटरवर ठेवा. पाच मिनिटे थांबा आणि मग मिनिटाला किती बुडबुडे येतात, ते मोजा. नंतर तीच नोंद पांढऱ्या सरीखाली घ्या. दोन्ही सरींत प्रवाह सारखाच असल्याने तुलना बरीच न्याय्य होईल. मग निळी सर ३० सेंटिमीटरवर न्या. अंतर दुप्पट झाले म्हणजे बुडबुडे चौथाई व्हायला हवेत का? तुमच्या नोंदी काय सांगतात? तसे झाले नाही, तर दोन कारणे शोधा: एक दिव्याच्या आकारात आणि दुसरे वनस्पतीत.

दिव्यातला चंद्र

चार बटणे वेगवेगळी का ठेवली, हे आता सांगतो. सकाळी एक निळी सर, मग दुसरी, दुपारी चारही, संध्याकाळी उलट क्रमाने, असा दिवस टाकीत उगवता-मावळता करता येतो. प्रवाळांना उजेडातून वेळही कळते. त्यांच्या अनेक जाती वर्षातून एकदाच, ठरावीक ऋतूत, पौर्णिमेनंतरच्या काही रात्री एकाच वेळी अंडी व शुक्राणू पाण्यात सोडतात.

लंडनच्या हॉर्निमन संग्रहालयात २०१२ साली सुरू झालेल्या प्रकल्पात शास्त्रज्ञांनी टाकीतच प्रवाळभिंतीवरचे ऋतू निर्माण केले. पाण्याचे तापमान आणि दिवसाची लांबी त्यांनी ऋतूप्रमाणे बदलली आणि एलईडींनी चंद्राच्या कलांचा मंद उजेड दिला. २०१३ साली त्या टाकीतल्या प्रवाळांनी अंडी सोडली. हीच पद्धत वापरून २०१९ साली अमेरिकेतील फ्लोरिडा मत्स्यालयात, नष्ट होत चाललेल्या स्तंभ प्रवाळाचे प्रजनन घडवून आणण्यात आले. अशा टाक्यांत वाढलेली पिले समुद्रात परत लावता येतात का, याचे प्रयोग आज चालू आहेत.

त्या दिव्यांतले डायोड आणि तुमच्या अ‍ॅल्युमिनिअमच्या पट्टीवरचे डायोड एकाच जातीचे आहेत. त्यांचा रंग, प्रखरता आणि वेळ आपल्या हातात असते. तेव्हा प्रथम हायड्रिलाचे बुडबुडे नीट मोजा आणि नोंदी वहीत तारखेनिशी लिहून ठेवा.