शाळा कशी वाटते, हे मुलांनाही विचारा

भिवंडीतल्या महापालिका शाळांची चर्चा पटसंख्या, इमारती आणि शिक्षकांची रिक्त पदे यांभोवतीच फिरते. हे प्रश्न खरेच आहेत. पण वर्गात रोज बसणाऱ्या मुलाचे मत क्वचितच विचारले जाते. यंत्रमागाच्या या शहरात ते विचारणे विशेष निकडीचे आहे. उत्तर प्रदेश, बिहार, तेलंगणातून आलेल्या कामगारांची मुले इथे शिकतात. म्हणून मराठीबरोबर उर्दू, हिंदी, तेलुगू माध्यमांचीही गरज पडते. घरी मागासाठी सुताची कांडी भरायला हात हवे असतात आणि मूल थोडे मोठे झाले की कारखाना जवळच असतो. शाळेत मन न लागणारे मूल लेखी तक्रार करत नाही, ते यायचेच बंद होते.

शाळा हीही एक सेवाच आहे. सेवेचा दर्जा मोजण्यासाठी परशुरामन, झीथामल आणि बेरी या अभ्यासकांनी १९८८ मध्ये पाच कसोट्या मांडल्या: दिसणाऱ्या सोयी, भरवसा, तत्परता, आश्वासकता आणि आपुलकी. २०१० पासून लागू झालेला शिक्षण हक्क कायदा पिण्याचे पाणी, मुलींसाठी वेगळे स्वच्छतागृह आणि प्राथमिक वर्गांत ३० मुलांमागे एक शिक्षक मागतो. या बहुतेक दिसणाऱ्या सोयी झाल्या. तपासणीत नळापुढे 'आहे' अशी खूण होते. पण मधल्या सुट्टीतच टाकी रिकामी होते का, स्वच्छतागृहाला आतून कडी लागते का, ती नसल्याने मुली दिवसभर पाणी प्यायचे टाळतात का, हे मुलीच सांगू शकतात. 'समजलं नाही' म्हटल्यावर बाई पुन्हा समजावतात की रागावतात, हेही मुलांनाच ठाऊक असते.

विद्यार्थी म्हणजे ग्राहक नव्हे, असा आक्षेप घेतला जातो. तो रास्त आहे. शिक्षणात कष्ट आणि शिस्त लागतेच. पण ग्राहक दुसऱ्या दुकानात जाऊ शकतो, गरिबाच्या मुलाला तो पर्याय नसतो. म्हणूनच त्याचे ऐकण्याची जबाबदारी वाढते. मुले थोडक्यातही खूश होतात, हा दुसरा आक्षेप. त्यावर उपाय म्हणजे 'शाळा आवडते का' एवढ्यावर न थांबता नेमके प्रश्न विचारावेत, तेही मुलांच्या भाषेत आणि नाव न लिहिता. त्यांची उत्तरे वाचन-गणिताच्या चाचण्यांशेजारी ठेवून पाहावीत.

यासाठी नवी यंत्रणा उभारायला नको. शाळा व्यवस्थापन समितीत तीन-चतुर्थांश सदस्य पालक आणि निम्म्या महिला असाव्यात, असे कायदाच सांगतो. बारा तासांची पाळी करणाऱ्या पालकांना जमेल अशा वेळी बैठक ठेवावी, मुलांची उत्तरे तिथे वाचावीत आणि मागच्या बैठकीतले कोणते प्रश्न सुटले, हे फळ्यावर लिहावे. महापालिकेने याच वर्षी ही सुरुवात करावी.