दुबार प्रतींचा शोध

कागदांच्या दप्तरात एकाच पत्राच्या चार प्रती असल्या, तर कपाट भरत चालल्याचे डोळ्यांना दिसते. संगणकाच्या डिस्कवर मात्र तसे होत नाही. तेथे साठविलेल्या छायाचित्राला, गाण्याला किंवा निबंधाला फाईल म्हणतात. आणि अशा फायलींची कितीही दाटी झाली, तरी यंत्राचा बाह्य आकार तिळमात्र वाढत नाही. भ्रमणध्वनीतून एकदा उतरवून घेतलेली छायाचित्रे पुढील महिन्यात पुन्हा उतरविली जातात. आजोबांच्या सहस्रचंद्रदर्शनाची तीच चित्रे काका, मामा आणि शेजारी अशा तिघांकडून येतात व तीन ठिकाणी ठेवली जातात. मग एके दिवशी, डिस्कवर जागा उरली नाही, अशी सूचना पडद्यावर झळकते.

अशा वेळी सारख्या नावांच्या फायली शोधून त्यांतील एक पुसून टाकावी, असे पुष्कळांना वाटते. हा उपाय सोपा खरा, पण घातक! नाव म्हणजे फाईलवर चिकटविलेली चिठ्ठी होय. ‘सहल’ या नावाची एक फाईल रायगडाची, तर दुसरी वेरूळची असू शकेल. उलट, एकच चित्र दोन निराळ्या नावांनी दोन ठिकाणी नांदत असेल. नावावर विसंबून जो पुसावयास बसतो, तो एखादे पुन्हा न मिळणारे चित्र कायमचे गमावून बसतो. म्हणून आतील मजकूरच पडताळला पाहिजे.

संगणक सारा मजकूर अंकांच्या रूपाने साठवितो. या साठवणीच्या मापाला बाइट म्हणतात. दोन फायलींतील पहिल्यापासून शेवटपर्यंतचा प्रत्येक बाइट जुळला, तरच त्या एकमेकींच्या प्रती ठरतात. परंतु डिस्कवर १०,००० फायली असल्या आणि प्रत्येक फाईल इतर प्रत्येकीशी ताडून पाहावयाची म्हटली, तर ४,९९,९५,००० जोड्या होतात. एवढा खटाटोप वेगवान संगणकालाही जड जातो.

त्यावर पहिली युक्ती आकाराची. प्रत्येक फाईल किती बाइटांची आहे, याची नोंद डिस्कवर आधीच असते. ती पाहण्यासाठी फाईल उघडावी लागत नाही. ज्यांचे आकार भिन्न, त्या फायली परस्परांच्या प्रती असूच शकत नाहीत. एवढ्यानेच बहुतेक फायली बाजूला पडतात. मात्र आकार जुळला म्हणजे मजकूर जुळला, असे नव्हे. यूटीएफ-८ या प्रचलित लेखनपद्धतीत देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला ३ बाइट लागतात. ‘कमल’ या शब्दाचे ९ बाइट होतात आणि ‘नयन’ या शब्दाचेही ९च!

येथे दुसरी युक्ती उपयोगी पडते. माणसाच्या अंगठ्याचा ठसा घ्यावा, त्याप्रमाणे संगणक फाईलचा ठसा घेतो. याला हॅश असे नाव आहे. फाईलमधील सर्व बाइट एका ठराविक गणितातून जातात आणि शेवटी एक ठराविक लांबीची संख्या हाती येते. तोच मजकूर कितीही वेळा घातला तरी तीच संख्या मिळते. एक अक्षर बदलले, की संख्येचे रूप पार पालटते. हे ठसे क्रमाने लावले, की सारखे ठसे आपोआप शेजारी येतात आणि कोट्यवधी जोड्या तपासण्याचे श्रम वाचतात.

रोनाल्ड रिव्हेस्ट या अमेरिकन शास्त्रज्ञाने १९९१ साली एमडी-५ नावाचे असे एक गणित रचले. त्यातून निघू शकणाऱ्या निरनिराळ्या ठशांची संख्या लिहावयाची, तर ३९ अंक मांडावे लागतात. तरीही २००४ साली चीनमधील वांग श्याओयुन व त्यांच्या सहकाऱ्यांनी, मजकूर वेगळा पण एमडी-५चा ठसा एकच, अशा जोड्या घडवून दाखविल्या. आपोआप असे घडणे जवळजवळ अशक्यच. तथापि पुसण्यापूर्वी एकेक बाइट ताडून पाहणारी साधने अधिक विश्वासाची, यात शंका नाही.

माणसाचा डोळा आणि संगणकाचा ठसा यांचे मात्र नेहमीच एकमत होत नाही. संदेशातून चित्र पाठविताना ते पुष्कळदा आक्रसले जाते. डोळ्यांना मूळ चित्र आणि हे चित्र एकच भासते. पण बाइट निराळे, म्हणून ठसाही निराळा. मूळ चित्रातील बारकावे दुसऱ्यात उरलेले नसतात, तेव्हा त्यांना प्रती न मानणे हे योग्यच होय. याउलट, रिकाम्या फायलींत काहीच नसल्यामुळे त्या सगळ्या परस्परांच्या प्रती ठरतात!

आता प्रश्न उरतो, पुसावयाची कोणती? याचे उत्तर यंत्र देऊ शकत नाही. संगणकाच्या स्वतःच्या कारभाराच्या फायली दुबार दिसल्या, तरी त्यांना हात लावू नये. प्रत्येक कार्यक्रम आपली फाईल नेमक्या जागी शोधतो, आणि ती न मिळाल्यास बंद पडतो. दुसऱ्या डिस्कवर जपून ठेवलेली प्रत हीही अडगळ नव्हे. पहिली डिस्क बिघडली, तर तीच कामी येते. उरलेल्या प्रतींपैकी योग्य जागी असलेली एक राखून बाकीच्या प्रथम संगणकाच्या कचरापेटीत टाकाव्यात व काही दिवस वाट पाहावी. तोवर चूक ध्यानात आली, तर फाईल परत काढून घेता येते. पेटी रिकामी केल्यावरच डिस्कवरील जागा मोकळी होते.